सोबतीचं प्रोटीन रिसेप्टरला काय करतं: रॅम्प आणि एमरॅप पेशींत तपासण्याची पद्धत

हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे हार्मोन ओळखणारं प्रोटीन, पेशीत घातला, हार्मोन टाकला आणि काहीच घडलं नाही, की पहिला संशय प्लास्मिडवर, म्हणजे जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, जातो, दुसरा पेप्टाइडवर. पण कित्येकदा दोन्ही ठीक असतात. त्या रिसेप्टरला पेशीच्या पटलावरचं आणखी एक छोटं प्रोटीन सोबत लागतं आणि आपण घेतलेल्या पेशीत ते नसतं. एसीटीएच (कॉर्टिसोल तयार करायला लावणारं हार्मोन) याचा रिसेप्टर, म्हणजे एमसी२आर, १९९२ मध्ये क्लोन झाला. तरी साध्या पेशींत तो का चालत नाही याचं उत्तर २००५ मध्ये एमरॅप हे त्याच्या सोबतीचं प्रोटीन सापडल्यावर मिळालं. सीएलआर या रिसेप्टरला तर हार्मोनच सापडत नव्हता. १९९८ मध्ये रॅम्प ही सोबतीची प्रोटीनं कळली आणि लक्षात आलं की सीएलआरसोबत रॅम्प-१ असेल तर तो सीजीआरपी या पेप्टाइडचा रिसेप्टर होतो आणि रॅम्प-२ किंवा रॅम्प-३ असेल तर अ‍ॅड्रिनोमेड्युलिनचा. मायग्रेनवरचं एरेनुमॅब हे २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध सीएलआर आणि रॅम्प-१ यांच्या जोडीलाच अडवतं.

ही पद्धत एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चं पहिलं वर्ष करणाऱ्यांसाठी आहे. कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत जे असतं त्यावर भागेल अशी ती मांडली आहे: सीओटू इन्क्युबेटर, लॅमिनार हूड, उलटा मायक्रोस्कोप आणि साधा प्लेट रीडर. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पोचला का आणि पोचल्यावर त्यानं हार्मोन ओळखून संदेश दिला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. एकाच मोजमापावरून दोन्हींचा निष्कर्ष काढणारे प्रबंध परीक्षकासमोर अडतात, आणि अडायलाच हवेत.

पेशी कोणत्या घ्यायच्या

रॅम्पच्या कामाला कॉस-७ या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी घ्या. या पेशींत स्वतःचे सीएलआर, कॅल्सिटोनिन रिसेप्टर (सीटीआर) आणि रॅम्प जवळजवळ नसल्यासारखेच असतात, त्यामुळे जे दिसतं ते आपण घातलेल्या डीएनएचं असतं. शिवाय त्यांच्यात एसव्ही४० विषाणूचं लार्ज टी अँटिजेन असतं. पीसीडीएनए३ घराण्यातल्या, एसव्ही४० ओरिजिन असलेल्या प्लास्मिडच्या त्या आत भरपूर प्रती काढतात. फायदा असा की सिग्नल जोरात येतो. तोटा असा की रिसेप्टर गरजेपेक्षा फार जास्त तयार होतो, म्हणून डीएनए वाढवून सिग्नल वाढवायच्या मागे लागू नका.

सीएचओ-के१ पेशी रॅम्पसाठी टाळा, कारण त्यांच्यात स्वतःचा रॅम्प-२ असतो. नुसता सीएलआर घातला तरी अ‍ॅड्रिनोमेड्युलिनला प्रतिसाद येतो आणि रॅम्पची गरजच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. एमरॅपच्या कामाला मात्र सीएचओ उत्तम चालतात. एचईके २९३ बाबत सावध राहा. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या एचईके पेशी एकसारख्या नसतात आणि काहींत सीटीआर स्वतःचाच असतो. वापरायच्याच असतील तर आधी नुसता रिकामा व्हेक्टर घालून कॅल्सिटोनिन टाकून बघा.

पेशींसाठी पुण्याच्या एनसीसीएसच्या सेल रिपॉझिटरीकडे चौकशी करा. चालू कल्चर येतं तेव्हा फ्लास्क मीडियमनं काठोकाठ भरलेला असतो. आल्याबरोबर ते मीडियम ओतून देऊ नका. फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन तास ठेवा, जास्तीचं मीडियम निर्जंतुक बाटलीत काढून ठेवा आणि पहिल्या एक-दोन दिवसांत तेच वापरा. चार-पाच पॅसेजच्या आत किमान दहा व्हायल गोठवा. द्रव नायट्रोजनसाठी जनावरांच्या कृत्रिम रेतनाला पुरवठा करणाऱ्यांकडे विचारा. दुधाच्या या जिल्ह्यात तो मिळणं अवघड नाही, फक्त कंटेनरची पातळी दर आठवड्याला मोजून वहीत लिहा.

पेप्टाइडची मागणी जुलै-ऑगस्टमध्ये टाकू नका. पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो. २०१९ आणि २०२१ मध्ये तसं झालं आणि बर्फात पॅक केलेलं पार्सल वाटेत अडकलं तर ते वितळलेलंच हातात येतं. मे महिन्यातच मागवून घ्या. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून इन्क्युबेटर यूपीएसवर असू द्या. त्याच दिवसांत हवेतल्या दमटपणामुळे बुरशीही लागते, तेव्हा पाण्याचा ट्रे आठवड्यातून एकदा बदला आणि त्यात निर्जंतुक पाणीच घाला. मायकोप्लाझ्माची चाचणी दर महिन्याला करा. ट्रान्सफेक्ट केलेल्या, म्हणजे बाहेरचा डीएनए घातलेल्या, पेशींच्या कामाला संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची मंजुरी लागते, तो अर्ज पेशी मागवायच्या आधीच द्या.

प्लास्मिड आणि टॅग

बहुतेक चुका इथे होतात, आणि त्या महिनाभरानंतर दिसतात.

सीएलआर आणि रॅम्प दोघांच्या सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड असतं आणि पेशी ते कापून टाकते. एचए किंवा मिक टॅग (अँटिबॉडीनं ओळखता येणारा छोटा तुकडा) त्याच्या आधी लावला तर तोही कापला जातो आणि पृष्ठभागावर शून्य दिसतं. टॅग सिग्नल पेप्टाइडच्या लगेच नंतर हवा. रॅम्पचं सी-टोक, म्हणजे पेशीच्या आतली शेपटी, जेमतेम दहाएक अमिनो आम्लांची असते. रॅम्प-३ च्या या शेपटीत पीडीझेड प्रकारच्या प्रोटीनांना धरणारा तुकडा आहे आणि आत ओढलेला रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर परतणार की नष्ट होणार हे त्यावर ठरतं. तिथे जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) चिकटवला की तो तुकडा झाकला जातो. संदेश येईल, पण रिसेप्टरचं पुढचं वागणं खरं नसेल.

क्लोन माणसाचा आहे की उंदराचा, हे सिक्वेन्स करूनच बघा, ट्यूबवरच्या लेबलवर विसंबू नका. रॅम्प-१ मध्ये ७४ क्रमांकाच्या जागी माणसात ट्रिप्टोफॅन आहे, उंदीर-घुशीत लायसीन. या एका अमिनो आम्लामुळे ओल्सेजेपँट हे सीजीआरपीचा रिसेप्टर अडवणारं औषध माणसाच्या रिसेप्टरला कितीतरी घट्ट धरतं. ते औषध चालत नाही असं वाटलं तर आधी ही जागा तपासा.

डीएनए एंडोटॉक्सिनमुक्त किटनं काढा, २६०/२८० गुणोत्तर १.८ ते १.९ च्या दरम्यान असावं.

प्लेटची मांडणी आणि ट्रान्सफेक्शन

पहिला प्रयोग सीटीआरचा करा, सीएलआरचा नको. सीटीआर रॅम्पशिवायही पृष्ठभागावर जातो आणि कॅल्सिटोनिनला प्रतिसाद देतो, त्यामुळे पद्धत चालते की नाही हे लगेच कळतं. रॅम्प सोबत आला की त्याच रिसेप्टरची अमायलिन (स्वादुपिंडाचं हार्मोन) धरायची ओढ वाढते.

एका ९६ वेलच्या प्लेटमध्ये तीन गट बसतात: सीटीआर अधिक रिकामा व्हेक्टर, सीटीआर अधिक रॅम्प-१, सीटीआर अधिक रॅम्प-३. प्रत्येक गटाला चार उभे रकाने, म्हणजे ३२ वेल. त्यांत दोन पेप्टाइड, प्रत्येकाच्या सात मात्रा, प्रत्येक मात्रा दोनदा, हे झाले २८. उरलेल्या चारांपैकी दोन पेप्टाइडशिवाय आणि दोन फोर्सकोलिनचे, जे रिसेप्टरशिवायच सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला संदेशवाहक रेणू) वाढवतं. मधल्या गटाला कडेचे वेल कमी येतात आणि कडेच्या वेलमधलं पाणी जास्त उडतं, म्हणून पुढच्या वेळी गटांच्या जागा बदला. नुसता रिकामा व्हेक्टर आणि रिसेप्टरशिवाय नुसता रॅम्प, हे दोन कंट्रोल वेगळ्या छोट्या प्लेटमध्ये घ्या. ते सोडून चालणार नाही.

आदल्या दिवशी प्रत्येक वेलमध्ये १५ ते २० हजार पेशी, १०० मायक्रोलिटर डीएमईएममध्ये, ८ ते १० टक्के एफबीएससह (गाईच्या गर्भाचं सीरम) लावा. पेशी पिपेटनं टाकल्यावर प्लेट गोल फिरवू नका, सगळ्या कडेला जमतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलकेच सरकवा आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या आधी दहा मिनिटं हूडमध्येच राहू द्या.

दर वेलला एकूण ०.२५ मायक्रोग्रॅम डीएनए. ३२ वेलना ८ मायक्रोग्रॅम, दहा टक्के जास्तीचं धरून ८.८. म्हणजे ४.४ मायक्रोग्रॅम सीटीआर आणि ४.४ मायक्रोग्रॅम रॅम्प. ज्या गटात रॅम्प नाही तिथे ४.४ मायक्रोग्रॅम रिकामा व्हेक्टर घालायचाच. तो घातला नाही तर त्या गटात डीएनए निम्मा, पीईआयचं (डीएनए पेशीत नेणाऱ्या रसायनाचं) प्रमाण दुप्पट आणि रिसेप्टरचं प्रमाणही बदललेलं, मग फरक रॅम्पमुळे पडला असं म्हणता येत नाही.

पीईआय २५ किलोडाल्टनचं, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पीएच ७, गाळून घेतलेलं. सुरुवात १ भाग डीएनएला ३ भाग पीईआय यानं करा, म्हणजे वरच्या मिश्रणाला साधारण २६ मायक्रोलिटर. दोन्ही वेगवेगळे ५ टक्के ग्लुकोजमध्ये पातळ करा, एकत्र करून दहा ते पंधरा मिनिटं ठेवा, मग ताज्या मीडियममध्ये मिसळून पेशींवर घाला. पंधरा मिनिटांच्या पुढे ठेवलं तर कण मोठे होतात आणि पेशी मरायला लागतात. नव्या पीईआयसाठी १:२ ते १:४ असं एकदा करून बघा. ४८ तासांनी मोजमाप.

पेप्टाइड तयार करताना

अमायलिन माणसाचं घेऊ नका, ते गुठळ्या करतं आणि मात्रा खोटी ठरते. घुशीचं अमायलिन घ्या. त्याच्यात २५, २८ आणि २९ या जागी प्रोलीन असल्यामुळे ते विरघळलेलं राहतं. हेच तीन बदल करून प्रॅमलिंटाइड हे औषध बनवलं आहे. अमायलिन, सीजीआरपी, कॅल्सिटोनिन, अ‍ॅड्रिनोमेड्युलिन या चौघांचंही शेवटचं टोक अमाइड केलेलं आणि सुरुवातीकडचं कडं डायसल्फाइडनं बांधलेलं हवं. कोटेशनमध्ये ते लिहून घ्या. स्वस्त पेप्टाइडमध्ये नेमकं हेच राहून जातं आणि मग प्रतिसाद येत नाही.

बाटलीवर १ मिलिग्रॅम लिहिलं म्हणजे १ मिलिग्रॅम पेप्टाइड नव्हे, त्यात क्षार आणि पाणीही असतं. प्रमाणपत्रावर पेप्टाइडचा खरा अंश दिलेला असतो. समजा सीजीआरपीचा अंश ८० टक्के आहे आणि रेणुभार ३७८९. मग खरं पेप्टाइड ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२११ मायक्रोमोल, आणि १ मिलिमोलर करायला २११ मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी. लो-बाइंड ट्यूबमध्ये ५-५ मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा, एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.

पातळ करताना मीडियममध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असलाच पाहिजे. तो नसला की पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं, कमी मात्रांतलं तर जवळजवळ सगळंच, आणि आलेख आपोआप उजवीकडे सरकतो. हा सरकलेला आलेख बघून रॅम्पमुळे ताकद घटली असं लिहिलं जातं.

सायक्लिक एएमपी मोजणं

पेशींवरचं मीडियम काढा. ५० मायक्रोलिटर सीरमरहित डीएमईएम, त्यात १ मिलिमोलर आयबीएमएक्स आणि ०.१ टक्का बीएसए, ३७ अंशाला ३० मिनिटं. आयबीएमएक्स सायक्लिक एएमपी फोडणाऱ्या एन्झाइमना रोखतं. ते डीएमएसओत विरघळवावं लागतं, अंतिम डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या आत आणि सगळ्या वेलमध्ये सारखंच ठेवा. मग त्याच मीडियममध्ये दुप्पट मात्रेत केलेलं पेप्टाइड ५० मायक्रोलिटर घाला. अंतिम मात्रा १०⁻¹² ते १०⁻⁶ मोलर, दर पायरीला दहापट. ३७ अंशाला बरोबर १५ मिनिटं. ९६ वेलना पेप्टाइड घालायला जितका वेळ लागतो तितकाच काढतानाही लागतो, म्हणून ज्या क्रमानं घातलं त्याच क्रमानं आणि त्याच वेगानं काढा. मल्टिचॅनेल पिपेट नसेल तर एका वेळी अर्धीच प्लेट करा.

द्रव काढून ५० मायक्रोलिटर बर्फासारखं थंड शुद्ध इथेनॉल घाला, उणे २० ला किमान दहा मिनिटं. रात्रभर ठेवलं तरी चालतं. मग इथेनॉल पूर्ण उडू द्या. थोडं राहिलं तरी पुढची अँटिबॉडी बिघडते. किटचा बफर घालून पंधरा मिनिटं हलवा आणि मोजा.

टीआर-फ्रेट (चमकेवरून मोजायची पद्धत) वाचणारा रीडर नसेल तर साधं एलायझा किट पुरतं. पण ते स्पर्धात्मक असतं, म्हणजे सायक्लिक एएमपी जास्त तितका रंग कमी. कच्चे आकडे बघून हार्मोननं प्रतिसाद घटवला असं वाटतं. प्रमाण रेषेवरून आकडे काढा आणि जे नमुने रेषेच्या सपाट टोकाला येतात ते पातळ करून पुन्हा मोजा.

पृष्ठभागावरचा रिसेप्टर

त्याच ट्रान्सफेक्शन मिश्रणातून दुसरी प्लेट लावा. ४ टक्के ताजं पॅराफॉर्मल्डिहाइड, दहा मिनिटं, फ्यूम हूडमध्ये. ट्रायटन घालायचं नाही. १ टक्का बीएसएनं ब्लॉक करा, एचए अँटिबॉडी, मग एचआरपी जोडलेली दुसरी, टीएमबी, आम्लानं थांबवून ४५० नॅनोमीटरला वाचा. काही वेल ०.१ टक्का ट्रायटननं भोकं पाडून घ्या, तिथे पेशीतला एकूण रिसेप्टर कळतो. शेवटी क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवून पेशी किती होत्या ते मोजा आणि त्यानं भागा. धुताना कॉस-७ सुटून येतात, म्हणून पाणी वेलच्या भिंतीवरून सोडा.

टॅग रिसेप्टरला असू द्या आणि तोच वाचा. रॅम्पचा टॅग वाचून जोडी पोचली असं म्हणता येत नाही. रॅम्प-१ एकटा बहुतांशी आतच अडकतो, पण रॅम्प-२ आणि रॅम्प-३ यांच्यावर साखरेच्या साखळ्या चढतात आणि ते रिसेप्टरशिवायही थोडे बाहेर येतात.

आकडे वाचताना

नुसत्या सीटीआरवर कॅल्सिटोनिन जोरदार आणि अमायलिन बरंच कमजोर दिसायला हवं. रॅम्प-१ किंवा रॅम्प-३ सोबत अमायलिनचा आलेख डावीकडे सरकतो, साधारण दहापट किंवा जास्त, आणि रॅम्प-१ सोबत सीजीआरपीलाही चांगला प्रतिसाद येतो. कॅल्सिटोनिनचा प्रतिसाद मात्र जात नाही, कारण रॅम्प न मिळालेले सीटीआरही त्याच पेशीवर असतात. हे मिश्रण टाळता येत नाही. रॅम्प-२ चा परिणाम पेशीनुसार आणि सीटीआरच्या प्रकारानुसार बदलतो, तो पहिल्या प्रयोगात घेऊ नका. माशाचं, म्हणजे सामनचं, कॅल्सिटोनिन रिसेप्टरला धरून बसतं आणि धुऊनही सुटत नाही, तुलनेला माणसाचं घ्या.

सीएलआरची प्लेट लावली की एकट्या सीएलआरला जवळजवळ काही नाही, रॅम्प-१ सोबत सीजीआरपी सरस, रॅम्प-२ सोबत अ‍ॅड्रिनोमेड्युलिन सरस आणि सीजीआरपी फार कमजोर, असं यायला हवं.

प्रत्येक प्रयोगाचा पीईसी५०, म्हणजे निम्मा प्रतिसाद देणाऱ्या मात्रेचा (ईसी५० चा) उणे लॉग, काढा आणि त्यांची सरासरी घ्या, ईसी५० ची नको. प्रयोगांची संख्या म्हणजे वेगवेगळ्या दिवशी केलेली ट्रान्सफेक्शनं, वेलची संख्या नव्हे. किमान तीन. कमाल प्रतिसाद फोर्सकोलिनच्या टक्केवारीत द्या. फोर्सकोलिनच कमी आलं तर त्या दिवशीच्या पेशी बिघडलेल्या आहेत, ती प्लेट बाजूला ठेवा.

एमरॅप: इथे पोचणं आणि चालणं वेगळं पडतं

सीएचओ पेशींत एमसी२आर, सोबत रिकामा व्हेक्टर, एमरॅप किंवा त्याचं जवळचं भावंड एमरॅप२. हार्मोन म्हणून एसीटीएच १-२४, आणि नकारात्मक कंट्रोल म्हणून अल्फा-एमएसएच, कारण एमसी२आर त्याला ओळखत नाही. बाकी पायऱ्या वरच्याच.

एमरॅपशिवाय रिसेप्टर आत अडकतो आणि प्रतिसाद शून्य. एमरॅप घातला की दोन्ही येतात. एमरॅप२ घातला की रिसेप्टर पृष्ठभागावर येतो, पण एसीटीएचच्या नेहमीच्या मात्रांना नीट प्रतिसाद देत नाही. नुसती पृष्ठभागाची एलायझा करणारा इथे दोघांना सारखं ठरवेल. उंदराच्या एमरॅपमधली १८ ते २१ ही चार अमिनो आम्लं काढली तरी हेच होतं: एमसी२आर बाहेर येतो, एसीटीएच धरत नाही.

टॅगबाबत एक गोष्ट गोंधळात टाकते. एमरॅप जोडीनं राहतं आणि त्या जोडीतला एक रेणू सुलटा, दुसरा उलटा पटलात बसतो. त्यामुळे टॅग कोणत्याही टोकाला लावला तरी ट्रायटनशिवाय बाहेर दिसतो. पेशी फुटल्या असं समजून प्लेट टाकून देऊ नका. खात्रीसाठी ट्यूब्युलिनसारख्या पेशीच्या आतल्या प्रोटीनची अँटिबॉडी त्याच प्लेटवर चालवा, ती शून्य आली पाहिजे.

या प्रयोगाचा उपयोग प्रबंधापुरता नाही. एमसी२आर किंवा एमरॅपमधल्या बदलामुळे काही बाळांत एसीटीएच प्रचंड वाढलेलं, कॉर्टिसोल नगण्य, साखर वारंवार उतरलेली आणि कातडी काळवंडलेली अशी स्थिती येते. आजार दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आलं तरच होतो, आणि आतेमामे भावंडांत लग्नं होणाऱ्या आपल्या भागात डॉक्टरांनी तो लक्षात ठेवायला हवा. अशा बाळात सापडलेला एमरॅपचा नवा बदल तपासायचा असेल तर चार गट लावा: एमसी२आर सोबत चांगला एमरॅप, बदललेला एमरॅप, दोन्ही निम्मे-निम्मे, आणि रिकाम्या व्हेक्टरसोबत निम्मा चांगला. एकूण डीएनए चारही गटांत सारखा. आई-वडील वाहक असूनही निरोगी असतात, म्हणून निम्मे-निम्मे गटाचा प्रतिसाद चौथ्या गटाच्या बरोबरीचा यायला हवा. तो त्याहून स्पष्टपणे खाली आला तर बदललेलं प्रोटीन चांगल्यालाही अडवत असेल, पण तसं लिहिण्याआधी दोन्ही एमरॅपना वेगवेगळे टॅग लावून वेस्टर्न ब्लॉटवर त्यांचं प्रमाण बघा आणि प्लास्मिड नव्यानं काढून प्लेट पुन्हा लावा.